आर्यन गेले, जागा राहिली

(वढू बुद्रुक येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)

आपण ज्या गावात आज बसलो आहोत ते गाव स्मृती जपणारे आहे. छत्रपती संभाजी महाराजांची समाधी येथे आहे आणि तिच्या दर्शनासाठी महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे येतात. एखाद्या जागेला इतिहास असतो, आणि ती जागा नाहीशी झाली की तो इतिहासही पोरका होतो, हे या गावाला वेगळे सांगण्याची गरज नाही. पण राजांच्या आणि लढायांच्या जागा जपण्याची बुद्धी समाजाला जेवढ्या लवकर होते, तेवढ्या लवकर सामान्य माणसाच्या सुखदुःखाच्या जागा जपण्याची होत नाही. माणसे जेथे कामानंतर दोन घटका टेकली, हसली, रडली, त्या जागा कोणाच्याही डोळ्यांत पाणी न येता पाडल्या जातात. अशाच एका जागेविषयी मी आज बोलणार आहे. येथून पस्तीसेक किलोमीटरवर, पुण्याच्या मंडईत, 'आर्यन' नावाचे एक चित्रपटगृह होते. ते आता नाही. त्या जागी महापालिकेचे बहुमजली वाहनतळ उभे आहे.

चित्रपटगृहासारखा विषय अभ्यासवर्गात कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. शेतीमालाचे भाव, कंत्राटी कामगार, पाणीवाटप हे प्रश्न समोर असताना सिनेमाची चर्चा चैनीची वाटणे स्वाभाविक आहे. परंतु आर्यनचा इतिहास म्हणजे केवळ सिनेमाचा इतिहास नव्हे. सार्वजनिक जागा कोणासाठी वापरायची, सामान्य माणसाच्या करमणुकीवर कर कोणी बसवायचा आणि सवलत कोणी घ्यायची, हे प्रश्न त्यात गुंतलेले आहेत. म्हणून तो आपल्या अभ्यासाचा विषय आहे.

आधी मंडईविषयी. आज जिला आपण महात्मा फुले मंडई म्हणतो ती इमारत १८८६ साली उभी राहिली, आणि त्या वेळचे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांचे नाव तिला देण्यात आले. जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात पुणे नगरपालिकेचे सभासद होते. एवढ्या मोठ्या खर्चाची मंडई बांधण्याऐवजी तो पैसा शिक्षणावर खर्च करावा, अशी भूमिका घेऊन त्यांनी या योजनेला विरोध केला होता. मंडई झाली. पुढे आचार्य अत्रे नगरपालिकेत असताना त्याच मंडईला जोतीरावांचे नाव देण्यात आले. ज्या वास्तूवरच्या खर्चाला त्यांनी विरोध केला तिलाच त्यांचे नाव मिळाले, यात गंमत आहे खरी. पण त्यापेक्षा महत्त्वाचा आहे तो जोतीरावांचा प्रश्न. नगरपालिकेचा पैसा आणि नगरपालिकेची जागा यांवर पहिला हक्क कोणाचा? हा प्रश्न आर्यनच्या कथेत पुन्हा आपल्यासमोर येणार आहे.

मंडई हे केवळ भाजी विकण्याचे ठिकाण कधीच नव्हते. १९२४ साली मोतीलाल नेहरूंच्या हस्ते येथे लोकमान्य टिळकांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. मंडईच्या कट्ट्यावर राजकारण चघळले जाई, निवडणुकांचे अंदाज बांधले जात, पुढाऱ्यांची हजेरी घेतली जाई. भल्या पहाटे आसपासच्या तालुक्यांतून शेतकरी माल घेऊन येत. हमाल, पाटीवाल्या बाया, तोलणारे, आडते, गाडीवान अशी कष्टकऱ्यांची एक वेगळी वस्तीच तेथे दिवसभर नांदत असे. पुढे घाऊक बाजार गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला, तरी मंडईचा हा स्वभाव पुष्कळ काळ टिकून होता.

अशा या ठिकाणी गंगाधरपंत पाठक यांनी १९१५ साली आर्यन हे चित्रपटगृह सुरू केले. पुण्यातील हे पहिले कायम स्वरूपाचे चित्रपटगृह मानले जाते. काळ ध्यानात घ्या. ल्युमिएर बंधूंच्या हलत्या चित्रांचा मुंबईतील पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला होता. तो साहेबांच्या आणि बड्या लोकांच्या वर्तुळातला खेळ होता. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशनमध्ये लोकांसमोर आला. त्यानंतर दोन वर्षांच्या आत पुण्याच्या भाजीबाजाराच्या कुशीत एक चित्रपटगृह उभे राहते, ही घटना लहान नाही. पाठकांनी आपले चित्रपटगृह लष्कर भागात, गोऱ्या शिपायांच्या आणि साहेबांच्या सोयीने काढले नाही. ते त्यांनी शहराच्या मध्यवस्तीत, बाजाराच्या गर्दीत काढले. आपला प्रेक्षक कोण असणार आहे हे त्यांना पक्के ठाऊक असले पाहिजे.

१९१७ साली फाळक्यांचा 'लंकादहन' आला. या मूकपटात साळुंके नावाच्या एकाच नटाने राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या होत्या, कारण चित्रपटात काम करायला स्त्रिया सहसा तयार होत नसत. तरीही या चित्रपटाने लोकांना वेड लावले. पुण्यात प्रेक्षकांनी दार मोडायचेच काय ते बाकी ठेवले होते, आणि मद्रासेत तिकिटांची नाणी पोलीस बंदोबस्तात बैलगाडीतून न्यावी लागली, असे त्या काळाविषयी नमूद आहे. त्या नाण्यांकडे जरा लक्ष द्या. ती आण्या-पैशांची नाणी होती. बैलगाडी भरली ती गरिबांच्या चिल्लरीने. हिंदी चित्रपटधंद्याचे पहिले भांडवल अशा चिल्लरीतून जमले, ही गोष्ट चित्रपटसृष्टीच्या झगमगाटात सहज विसरली जाते.

पुढे १९२० साली कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांचा 'सैरंध्री' पुण्यात आर्यनमध्येच प्रदर्शित झाला. लोकमान्यांनी तो पाहिला आणि बाबुरावांना 'सिनेमा केसरी' ही पदवी देऊन गौरव केला. त्याच वर्षीच्या १ ऑगस्टला टिळक गेले. कोल्हापूरच्या एका सुतार-चित्रकाराच्या कर्तृत्वाला मान्यता देण्याचा तो प्रसंग या मंडईतल्या चित्रपटगृहाशी जोडलेला आहे. आज 'सैरंध्री'ची प्रत उपलब्ध नाही. चित्रपट गेला, आणि ज्या भिंतींमध्ये तो प्रथम लोकांनी पाहिला त्या भिंतीही गेल्या.

मूकपटाच्या काळातल्या चित्रपटगृहाचे रूप आजच्या तरुणांना कल्पनेनेच उभे करावे लागेल. पडद्यावर माणसे बोलत नसत. पडद्याच्या बाजूला पेटी आणि तबला घेऊन वादक बसत आणि प्रसंगानुसार वाजवत. मधूनमधून अक्षरांच्या पाट्या येत. प्रेक्षकांतले बहुतेक निरक्षर, तेव्हा ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची आणि बाकीचे ऐकत. एका माणसाच्या साक्षरतेचा लाभ पन्नास जणांना मिळे. फाळक्यांच्या प्रेक्षकांपैकी किती जणांना आपल्यालाही अक्षर आले पाहिजे असे त्या अंधारात वाटले असेल, याची गणती कोणी केलेली नाही. जोतीरावांनी मंडईऐवजी शाळा मागितल्या होत्या. मंडईजवळच्या त्या पडद्याने अक्षराची भूक तरी जागी केली असेल, असे मला वाटते.

आणखी एक गोष्ट. तिकिटावर जात छापलेली नव्हती. देवळात, पाणवठ्यावर, पंगतीत प्रत्येकाची जागा जन्माने ठरलेली होती. चित्रपटगृहात ती पैशाने ठरू लागली. याचा अर्थ चित्रपटगृहाच्या दाराशी जात गळून पडत होती असा भाबडा समज आपण करून घेऊ नये. पैशाची उतरंड ही देखील उतरंडच आहे. पुढे पिटात बसणारा आणि मागे खुर्चीवर बसणारा यांच्यात अंतर होतेच. पण महाडला १९२७ साली सार्वजनिक तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, आणि याच पुणे शहरात १९२९ साली पर्वतीच्या देवळात प्रवेश मिळावा म्हणून सत्याग्रहींनी मार खाल्ला. त्या सत्याग्रहात तरुण एस. एम. जोशीही होते. त्याच काळात शहरात असे एक छप्पर होते की जेथे दिवा मालवल्यावर सर्वांचे डोळे एकाच पडद्याकडे लागत आणि एकाच प्रसंगी सर्वांना हुंदका येई. सामाजिक समतेच्या लढ्याला हा पर्याय नव्हे. पण ज्यांना एकत्र बसण्याची सवयच नव्हती अशा समाजाला ती सवय लावणारी ही जागा होती, एवढे श्रेय तिला दिले पाहिजे.

सरकारने मात्र या गर्दीकडे पहिल्यापासून दोनच नजरांनी पाहिले. एक नजर पोलिसाची, दुसरी करवसुली कारकुनाची. १९१८ साली सिनेमाचा कायदा झाला आणि १९२० पासून परीक्षण मंडळे कामाला लागली. १९२३ साली मुंबई इलाख्यात करमणूक कराचा कायदा आला. पिटातल्या माणसाच्या खिशातून सरकारी तिजोरीत पैसा जाऊ लागला. हा कर पुढे स्वातंत्र्यानंतरही कायम राहिला.

चित्रपटगृहांनी राजकीय लढाही जवळून पाहिला. २४ जानेवारी १९४३ रोजी पुण्याच्या लष्कर भागातील कॅपिटॉल चित्रपटगृहात, जेथे गोरे सैनिक मोठ्या संख्येने येत, तेथे बाँबस्फोट झाला. ऑगस्ट क्रांतीतील भूमिगत तरुणांचे ते कृत्य होते. खडकीच्या दारूगोळा कारखान्यात काम करणाऱ्या भास्कर कर्णिक यांनी पोलिसांच्या ताब्यात असताना विष घेऊन प्राण दिले, पण सहकाऱ्यांची नावे सांगितली नाहीत. त्या पिढीतले अनेक जण पुढे समाजवादी चळवळीत आले. साधनशुचितेच्या दृष्टीने त्या कृत्याची चर्चा तेव्हाही झाली आणि आजही व्हावी. मी येथे एवढेच ध्यानात आणून देतो की, एकाच शहरात मंडईतले चित्रपटगृह आणि लष्करातले चित्रपटगृह ही दोन वेगवेगळी जगे होती.

बोलपट आले आणि पुणे चित्रपटांचे शहर झाले. १९३३ साली 'प्रभात' कंपनी कोल्हापूरहून पुण्यास आली. १९३४ साली अप्पा बळवंत चौकाजवळ प्रभात चित्रपटगृह 'अमृतमंथन'ने सुरू झाले. भानुविलास, मिनर्व्हा, ग्लोब, विजयानंद, हिंदविजय ही नावे पुणेकरांच्या जिभेवर बसली. १९५९ साली आलेला अनंत माने यांचा 'सांगत्ये ऐका' विजयानंदमध्ये १३१ आठवडे चालला. अडीच वर्षे एकच चित्रपट! हे केवळ पेठांतल्या प्रेक्षकांच्या बळावर शक्य नव्हते. शिरूर, दौंड, खेड, जुन्नर, पुरंदर या तालुक्यांतला माणूस बाजाराला, कोर्टाला, दवाखान्याला पुण्यात येई आणि परतीच्या गाडीआधी एक खेळ पाहून जाई. तमाशातली नायिका भर फडात गावच्या पाटलाच्या अन्यायाला वाचा फोडते, हे कथानक त्याला परके नव्हते. पुण्याचे चित्रपटगृह हे या अर्थाने तुमच्या-माझ्या खेड्यांचेही चित्रपटगृह होते. आणि जो पुण्याला जाऊ शकत नसे त्याच्याकडे जत्रेत तंबूतला सिनेमा येई. ट्रकवर यंत्र, कनातीचा आडोसा, ध्वनिक्षेपकावरची आरोळी आणि मातीवर मांडी घालून बसलेले गाव. पडद्याच्या उलट बाजूने बसून पाहणारेही असत.

आता आर्यनच्या शेवटाकडे येतो. चित्रपटगृहे का बंद पडली असे विचारले की उत्तर ठरलेले असते. टीव्ही आला, व्हिडिओ आला, मोबाइल आला, लोकांची आवड बदलली. हे उत्तर अर्धेच खरे आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, पुढच्या वर्षी ते पुण्यात दिसू लागले. रंगीत प्रक्षेपण १९८२ साली आले. घरोघरी केबल पोचली ती १९९० नंतर. आर्यन १९८३ सालीच बंद झाले. म्हणजे आज ज्या कारणांचा पाढा आपण वाचतो त्यांतली बहुतेक कारणे यायच्या आधीच ते गेले. मंडईभोवती वाहनांची गर्दी वाढली होती, गाड्या उभ्या करायला जागा हवी होती, आणि अडुसष्ट वर्षे माणसांनी भरणारी जागा वाहनांसाठी मोकळी करण्यात आली.

वाहनतळाची गरज खोटी होती असे मी म्हणणार नाही. मंडईत येणाऱ्या सामान्य माणसाची सायकल, पुढे स्कूटर, कोठेतरी उभी राहायला हवीच. माझा आक्षेप वेगळा आहे. वरचे मजले वाहनांना आणि तळमजल्यावर वा शेजारी शे-दोनशे माणसे बसतील असे एक स्वस्त सभागृह, असा विचार करता आला नसता काय? याच महापालिकेने १९६८ साली बालगंधर्व रंगमंदिर उभारले. नाटकासाठी नागरी पैसा खर्च करणे हे सांस्कृतिक कर्तव्य आहे हे तिने मान्य केले होते, आणि ते योग्यच होते. पण नाटकाचा प्रेक्षक हा 'रसिक' आणि सिनेमाचा प्रेक्षक ही 'गर्दी', हा भेद आपल्या सुशिक्षित मनात खोल रुजलेला आहे. याच शहरात १९६० साली चित्रपट शिक्षणाची सरकारी संस्था निघाली, १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले. चित्रपट शिकवायला संस्था आहे, जपायला संस्था आहे. पण ज्या छपराखाली तो सामान्य माणसाने पाहिला ते छप्पर जपणे कोणाच्याच कामाच्या यादीत नव्हते.

हे केवळ पुण्यात घडले नाही. 'हरिश्चंद्र' जेथे झळकला ते गिरगावातले कॉरोनेशन नाहीसे झाले. १४ मार्च १९३१ रोजी जेथे 'आलम आरा' हा पहिला हिंदी बोलपट लागला आणि पुढच्या वर्षी 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट लागला, ते मॅजेस्टिक १९७२ साली पाडले गेले आणि तेथे दुकानांची इमारत झाली. पुण्याचे प्रभात २०१४ च्या अखेरीस भाडेकरार संपल्याने बंद झाले. पण मूळ मालकांनी ते पुढे 'किबे लक्ष्मी' या जुन्या नावाने पुन्हा सुरू केले. खासगी मालकाने चित्रपटगृह चालू ठेवायचे ठरवले आणि मंडईतली सार्वजनिक जागा मात्र गाड्यांना गेली, हा विरोधाभास आपण नोंदवून ठेवला पाहिजे.

आणि करांचे काय झाले? १९२३ पासून पिटातल्या माणसाने करमणूक कर भरला. २००१ साली महाराष्ट्र सरकारने बहुपडदा चित्रपटगृहांसाठी, म्हणजे मल्टिप्लेक्ससाठी, सवलत जाहीर केली. पहिली तीन वर्षे करमणूक कर पूर्ण माफ, पुढची दोन वर्षे तीन चतुर्थांश माफ. जुनी एकपडदा चित्रपटगृहे मात्र कर भरत राहिली. ज्यांनी आठ दशके तिजोरी भरली त्यांच्या हाती काही लागले नाही; वातानुकूलित सभागृहे बांधणाऱ्या भांडवलाला मात्र पाच वर्षांची ओटी भरण्यात आली. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर आला तेव्हा शंभर रुपयांवरच्या तिकिटाला २८ टक्के आणि त्याखालच्या तिकिटाला १८ टक्के असा दर होता. तो पुढे कमी झाला. पण तोवर स्वस्त तिकीट काढणारी चित्रपटगृहेच विरळ झाली होती. मराठी चित्रपटाला सोयीची वेळ मिळावी म्हणून २०१५ साली सरकारला मल्टिप्लेक्सवर बंधन घालावे लागले. ज्या राज्यात एक मराठी चित्रपट १३१ आठवडे चालला होता त्या राज्यात ही पाळी यावी, यात सर्व काही आले.

मित्रहो, आता आपल्या परिसराकडे पाहू. सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. मराठवाड्यातून, विदर्भातून, उत्तर प्रदेश आणि बिहारमधून आलेला तरुण कामगार येथे भाड्याच्या खोलीत राहतो. पाळी संपली की तो काय करतो? हातातल्या मोबाइलवर एकटाच चित्रपट पाहतो. त्याच्या शेजारच्या खोलीतला कामगारही तोच चित्रपट एकटाच पाहतो. दोघांची भाषा वेगळी, जात वेगळी, आणि दोघे एकमेकांना ओळखत नाहीत. कामगार संघटना बांधणे कठीण का झाले आहे, याच्या अनेक कारणांत हेही एक कारण आहे. एकत्र हसण्याची जागा गेली की एकत्र लढण्याची सवयही क्षीण होते.

१ जानेवारी २०१८ रोजी कोरेगाव भीमा आणि आसपासच्या गावांनी काय पाहिले ते मी तुम्हांला सांगायला नको. चित्रपटगृह असते तर ते टळले असते, असे बालिश विधान मी करणार नाही. त्यामागे इतिहासाचे, जातीचे आणि राजकारणाचे धागे आहेत. परंतु वेगवेगळ्या वस्त्यांतल्या माणसांना वर्षातून चार वेळाही एका छपराखाली बसण्याचे निमित्त नसेल, तर अफवेला उत्तर द्यायला माणसाजवळ शेजाऱ्याची ओळखही उरत नाही. प्रत्येक समाजाच्या जयंत्या वेगळ्या, मिरवणुका वेगळ्या, सभागृहेही वेगळी, असे चित्र खेडोपाडी दिसते. सर्वांची अशी जागा कोणती, या प्रश्नाला बहुतेक गावांत उत्तर नाही.

म्हणून तीन कामे सुचवतो. पहिले, आपापल्या तालुक्यातील बंद पडलेल्या चित्रपटगृहांची नोंद करा. जागा कोणाची होती, करार काय होता, आता तेथे काय आहे, हे कागदपत्र पाहून लिहून काढा. यंत्र चालवणारे, दारावर तिकिटे फाडणारे, तंबूचा सिनेमा घेऊन हिंडणारे वृद्ध अजून हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून तो काळ ऐकून ठेवा. दुसरे, नगरपालिका आणि महापालिका जेव्हा सार्वजनिक जागेवर संकुल बांधायला काढतील तेव्हा त्यात स्वस्त लोकसभागृह असलेच पाहिजे असा आग्रह धरा. आराखड्यावर हरकती आणि सूचना मागवल्या जातात, तेव्हा मुदतीत आणि लेखी हरकत नोंदवा. तिसरे, मोठ्या कामाची वाट न पाहता ग्रामपंचायतीच्या सभागृहात वा शाळेच्या पटांगणात महिन्यातून एकदा सर्व वस्त्यांसाठी चित्रपट दाखवा. यंत्र आता ट्रकभर लागत नाही, हातात मावते. त्यानंतर अर्धा तास चर्चा ठेवा. बायकांना सोयीची वेळ निवडा आणि कारखान्यातल्या परप्रांतीय कामगारांना आवर्जून बोलवा.

आर्यन परत येणार नाही आणि ते जसेच्या तसे परत यावे अशी मागणीही मी करत नाही. जोतीरावांनी नगरपालिकेत विचारलेला प्रश्न मात्र प्रत्येक गावात, प्रत्येक अंदाजपत्रकाच्या वेळी, पुन्हा विचारावा लागेल: हा पैसा आणि ही जागा कोणासाठी? तो ग्रामसभेत उभे राहून विचारण्याची जबाबदारी आपली आहे.